अक्काच्या घराबाहेरचं बंगलोर

ब्याण्णव साली ह्याच साप्ताहिकात माझा एक लेख आला होता. शनिवार-रविवार गाठून दोन दिवस बंगलोरला गेलं तर कुठे काय खावं, काय प्यावं, एवढाच त्याचा विषय. मिरजेतल्या बऱ्याच मंडळींनी त्याचं कात्रण जपून ठेवलं होतं. कोणी ना कोणी बंगलोरहून परतलं की बाजारात मला थांबवायचं आणि म्हणायचं, "मास्तर, तुमचा डोसा खाऊन आलो बरं का!" मी हसून पुढे जायचो.

त्या लेखात मी लिहिलं होतं की मी एकटाच भटकलो, नाकाला आला तो वास धरून चालत गेलो आणि ही हॉटेलं मला सापडली. हे खोटं आहे. मला एकही हॉटेल सापडलं नव्हतं. मला हात धरून तिथे नेणारा माणूस आता नाही. त्यामुळे निदान आता तरी सगळं नीट लिहायला हवं. आता माझं वय सदुसष्ट आहे आणि पुढे कधीतरी लिहू असं म्हणण्यात अर्थ उरलेला नाही.

माझी थोरली बहीण सुमन, आमची अक्का, बेळगावात शिक्षिका होती. तिथेच एका कारखान्यात लेथ चालवणाऱ्या चन्नबसप्पा नावाच्या माणसाशी तिने लग्न केलं आणि पुढे दोघं बंगलोरला गेली. जात वेगळी, भाषा वेगळी. वडिलांनी तिचं नाव टाकलं. वडील गेल्यावर आईने तो हट्ट पुढे चालवला. पस्तीस वर्षं आमच्या घरात अक्काचा विषय निघाला नाही. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे दाजी म्हणतात. मी त्यांना तोंडावर तसं कधीही म्हटलं नाही. इथे म्हणतो.

तेव्हाचा शनिवार

निवृत्त झाल्यावर मी ह्या साप्ताहिकासाठी जवळपासच्या सहलींवर लिहायला लागलो होतो. बंगलोरचा लेख हे आईला सांगायचं निमित्त होतं. खरं तर मला अक्काला बघायचं होतं. आई तेव्हा पंच्याऐंशीची, पण तिच्यापासून काही लपत नसे. निघताना तिने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, "भेट. पण त्या घरात घास घेणार नाहीस." मी शपथ घेतली. साठ वर्षांचा, मुलांना इतिहास शिकवून निवृत्त झालेला मी, मान खाली घालून शपथ घेतली.

बंगलोरला स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये पिशवी टाकली आणि रिक्षाने राजाजीनगरला गेलो. दाराशी रांगोळी होती. पुरणाचा वास फाटकापर्यंत आला होता. अक्का दारात आली, केस पांढरे झालेले, तशीच किडकिडीत. ती माझी बाही धरून उभी राहिली. आत जमिनीवर केळीची पानं मांडलेली दिसत होती.

मी म्हणालो, "अक्का, मी खाऊन आलोय."

"सकाळी साडेआठला?"

"लॉजवर. पोटही जरा बरं नाही."

तिने पानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. ती आईचीच मुलगी होती, तिला कळणारच. तेवढ्यात आतून दाजी आले. उंच, काळेसावळे, कपाळावर विभूती, बोटांच्या पेरांत ऑइलचे डाग मुरलेले. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं दोन लेथचं वर्कशॉप होतं. एका नजरेत त्यांनी सगळं ओळखलं असणार, कारण त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला आणि बटणं लावत लावत अक्काने शिकवलेल्या मराठीत म्हणाले, "सुमन, पाहुण्यांना घरचं काय खायला घालतेस? घरचं आपण रोज खातोच. दत्तूअण्णा, चला. आमचं बंगलोर हॉटेलांसाठी फेमस आहे."

असा तो लेख जन्माला आला. दोन दिवस त्यांनी मला बाहेर खाऊ घातलं, कारण मी त्यांच्या घरी खाणार नव्हतो. आणि ह्या गोष्टीचा त्यांनी एका शब्दानेही उल्लेख केला नाही.

स्कूटरवर मागे बसवून त्यांनी मला आधी मल्लेश्वरमला नेलं. तिथे इडलीवर चटणी शेजारी देत नाहीत, वरून ओततात, इडली दिसेनाशी होईपर्यंत. मी चमचा शोधत होतो. दाजी म्हणाले, "हाताने. चमच्याने इडलीला दुखतं." मग चौचौ भात, म्हणजे एका ताटलीत एक मूद तिखट उपम्याची आणि एक गोड शिऱ्याची. आमच्याकडे शिरा पूजेला आणि उपमा पोटाला. दोन्ही एका ताटलीत शेजारी शेजारी बघून मला हसू आलं. दाजी म्हणाले, "संसार असाच असतो, दत्तूअण्णा. स्वल्प खारा, स्वल्प गोड." स्वल्प म्हणजे थोडं, खारा म्हणजे तिखट. हे वाक्य मी लेखात माझं म्हणून वापरलं.

कॉफी त्यांनी मागवली ती 'बाय-टू'. एक कॉफी, दोन ग्लासांत अर्धी अर्धी. तिथे हे सर्रास चालतं. कंजूषपणा नव्हे तो. अर्धी कॉफी पटकन संपते, मग गप्पा लांबल्या की आणखी एक बाय-टू सांगता येते. त्या सकाळी आम्ही चार बाय-टू प्यायलो. त्यांनी मला अक्काबद्दल सांगितलं. शाळेत तिला मुलं घाबरायची, कन्नडमध्ये रागावते आणि मराठीत रडते. मी माझ्या मुलांबद्दल सांगितलं. आईबद्दल त्यांनी विचारलं, "त्यांचे गुडघे कसे आहेत?" अक्काला कुठून तरी गुडघ्यांची बातमी पोचली होती.

दुपारी ते मला पबमध्ये घेऊन गेले. त्या काळी बंगलोरात पब नवे होते आणि ब्रिगेड रोडच्या आसपास गल्लोगल्ली निघाले होते. आत अंधार, मोठमोठ्याने इंग्रजी गाणी, सगळी पोरं विशीतली. त्यांत धोतर नेसलेले दाजी आणि टोपी घातलेला मी. काचेच्या जाड मगांत बिअर आली. मी आयुष्यात पहिल्यांदा बिअर प्यायलो. मिशीला फेस लागला तो पुसायचं माझ्या लक्षात नाही आलं, तर शेजारच्या टेबलावरची एक मुलगी म्हणाली, "अंकल, मस्टॅश!" दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाहेर पडल्यावर त्यांनी दोघांसाठी बडीशेप घेतली आणि म्हणाले, "सुमनला सांगू नका." लेखात मी लिहिलं की मी एका कोपऱ्यात एकटा बसून शहराचं तारुण्य न्याहाळत होतो. न्याहाळत कसला, मी शेंगदाणे संपवत होतो आणि एक माणूस माझ्या मिशीला हसत होता.

रविवारी संध्याकाळी मी गाडीत बसलो. लेख छापून आला. अक्काला मी अंक पाठवला नाही. आईने मात्र तो दुसऱ्याकडून वाचून घेतला. त्यात अक्काचं नाव नाही, दाजींचं नाही, हे ऐकून तिने समाधानाने मान हलवली. ती मान हलवलेली मला अजून दिसते.

पुढे आई गेली. शपथ सुटली होती, तरी मी बंगलोरला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जायचं हे कळत नव्हतं. मागच्या वर्षी अक्काचं कार्ड आलं. चार ओळी होत्या. दाजी वर्कशॉपमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या गेले, दिवस वगैरे सगळं झालं, कळावं म्हणून लिहिते.

यंदाचा शनिवार

ह्या जानेवारीत मी गेलो. ह्या वेळी लॉज घेतला नाही. पिशवी घेऊन थेट राजाजीनगरला गेलो. फाटकाचा रंग उडाला होता, दाराशी रांगोळी नव्हती. अक्काने दार उघडलं.

"ये. पिशवी तिथे ठेव."

मी ठेवली. बसलो. भिंतीवर दाजींचा फोटो होता, त्याला ताजी शेवंती. स्वयंपाकघरात काही शिजत असल्याचा वास नव्हता. मी वाट बघत होतो. ती चहाचं विचारेल, मी हो म्हणेन, आणि मग पुढचं बोलणं सोपं जाईल असं मी गाडीतच ठरवलं होतं.

अक्का आतून पायांत चपला घालून बाहेर आली. "चल. भूक लागली असेल. बाहेर जाऊ."

"अक्का, घरीच काहीतरी..."

"घरचं काय खायचं? आमचं बंगलोर हॉटेलांसाठी फेमस आहे."

तिने हे अगदी साध्या आवाजात म्हटलं. मी उठून तिच्यामागून चालू लागलो. फाटकाशी शेजारीण भेटली. तिने मला बघून विचारलं, "ऊटा आयिता?" म्हणजे जेवण झालं का. तिथे नमस्काराच्या जागी लोक हेच विचारतात. अक्कानेच तिला उत्तर दिलं. एवढं कन्नड मला कळतं. ती म्हणाली, हॉटेलात चाललोय.

वाचकांसाठी सांगतो, मल्लेश्वरमची इडली आहे तशीच आहे. गर्दी मात्र वाढली आहे. पाठीवर पिशव्या लावलेली तरुण मुलं उभ्याने खात होती आणि त्यातली दोघं चक्क पुणेरी मराठीत कॉम्प्युटर कंपनीतल्या साहेबाला शिव्या घालत होती. अक्काने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. नंतर म्हणाली, "आता इथे कुठेही मराठी ऐकू येतं. पूर्वी आठवड्यात एकदा कुणी भेटायचं. मी ह्यांच्याशीच बोलायचे, नाहीतर माझी जीभ विसरली असती." तिच्या मराठीत आता 'सरी, सरी' येतं, हो म्हणायला. मुळात ती आमच्या घरात सगळ्यांत स्वच्छ बोलणारी.

कॉफी आली. अक्काने बाय-टूच सांगितली होती. ग्लास माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "तुझा लेख आम्ही वाचला होता."

मी उचललेला ग्लास खाली ठेवला.

"वर्गणी भरून आम्ही अंक मागवायचो. ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवला मला. अडखळत वाचायचे, पण वाचायचे. तू लिहिलं होतंस, मी एकट्याने बाय-टू मागवली. तिथे थांबले आणि हसायला लागले. म्हणाले, सुमन, एकट्याला बाय-टू कोण देतो ग? उरलेली अर्धी कोण प्यायलं, हे एकाही वाचकाने विचारलं नसेल का तुझ्या भावाला?"

कुणीही विचारलं नव्हतं. सहा वर्षांत एकानेही नाही.

"ते रागावले नाहीत?" मी विचारलं.

"ते? त्यांनी लेख कापून वर्कशॉपमध्ये चिकटवला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. माझ्या मेहुण्याने लिहिलंय, हॉटेलं सगळी बरोबर आहेत म्हणायचे."

मी कॉफी प्यायलो. ती गार झाली होती. आता बोलायला हवं होतं. "अक्का, मी त्या वेळी..." असं सुरू केलं, तर ती उठलीच. "इथे बोलायचं नाही. मागे लोक उभे आहेत खुर्चीसाठी."

दुपारी तिने मला एका खानावळीत नेलं, तिथे केळीच्या पानावर जेवण होतं. संध्याकाळी व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत नेलं. तिथे तव्यावरून काढलेली होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, तुपात भिजवून कागदावर देतात. मी ती हातात घेतली आणि एकच घास खाल्ला. अक्का समोर उभी राहून बघत होती.

"आवडली नाही?"

"आवडली."

"त्या दिवशीचं पुरण आम्ही दोघांनी चार दिवस खाल्लं," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी आंबलं होतं. तरी हे टाकू देईनात."

मी उरलेली पोळी कागदात गुंडाळून खिशात ठेवली. घरी आल्यावर तिने मला बाहेरच्या खोलीत अंथरूण घालून दिलं. पाणी ठेवलं नाही. मी मागितलंही नाही.

रविवार

सकाळी गांधी बाजारला गेलो. बंगलोरला जाणाऱ्यांनी इथला डोसा चुकवू नये, हे मी तेव्हा लिहिलं होतं, ते खरं आहे. जाड, आतून मऊ, बाहेरून खरपूस, लोण्याने चमकणारा. जागा मिळायला अर्धा तास लागतो. कुणी जेवत असेल त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं, तीच रांग. लाजायचं नाही.

डोसा खाऊन बाहेर आलो तर रस्त्याच्या कडेने पावट्यांचे ढीग लागले होते. जानेवारीत बंगलोर पावट्यांनी वेडं होतं. उप्पीट, डोसा, चिवडा, रस्सा, सगळ्यात पावटे. शेंगांना एक तेलकट, हिरवा वास असतो, तो सगळ्या बाजारात भरला होता. अक्का एका म्हातारीशी कन्नडमध्ये भांडून शेंगा घेत होती. दोनच मुठी घेत होती.

"एवढ्याच?" मी विचारलं.

"एकटीला किती लागतात?"

लालबागेत एका बाकावर बसलो. मी खिशातला रुमाल काढून घडी घालत होतो, उलगडत होतो. शेवटी बोललो. आईने घातलेली शपथ सांगितली. आई गेल्यावरही चार वर्षं आलो नाही, तेव्हा तर शपथ नव्हती, तेही सांगितलं. लेखात नाव घातलं असतं तर आई काय म्हणेल ह्याची भीती होती, आणि खरं सांगायचं तर गावातले लोक काय म्हणतील ह्याचीही होती. "दाजींना मी एकदाही दाजी म्हटलं नाही," मी म्हणालो.

अक्का शेंगा सोलत होती. टरफलं पदरात टाकत होती.

"शपथेचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "आई मला ओळखायची तशी मी आईला ओळखायचे. तुझा राग आला तो वेगळाच. ती जुन्या काळची बाई, तिने घातली. तू घेतलीस कशी? हात काढून घेता आला नसता?"

"आला असता."

"मग?"

मी रुमालाची घडी खिशात ठेवली.

"हे म्हणायचे, जाऊ दे, तो येईल. पाच वर्षं म्हणत होते. दर शनिवारी गाडीच्या वेळेला फाटकाशी उभे राहायचे. मला सांगायचे, वारा घेतोय." तिने आणखी एक शेंग सोलली. "त्यांनी कधी राग धरला नाही. मी धरला. अजून आहे. कालपासून तुला हॉटेलं दाखवतेय, ती का, हे तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"सरी. दुपारी अजून एक खानावळ आहे. आंध्र पद्धतीचं जेवण. तिखट असतं."

"अक्का, मला तिथे नको. मला तुझ्या घरी वाढ."

बाजूने एक शेंगदाणेवाला ओरडत गेला. तिने पदरातली टरफलं झटकली, उठली आणि पुन्हा बाजाराच्या दिशेने चालायला लागली. मी मागे. त्याच म्हातारीकडे जाऊन तिने आणखी चार मुठी शेंगा घेतल्या. म्हातारी काहीतरी म्हणाली आणि हसली. मी अक्काला विचारलं, काय म्हणाली? "मगाशी दोन मुठींसाठी भांडलीस, आता न भांडता चार कशा, विचारतेय."

घरी आल्यावर तिने एक परात पाण्याने भरून माझ्यापुढे ठेवली आणि त्यात कोमट पाण्यात भिजवलेले दाणे ओतले. तिथे पावट्याच्या दाण्याचंही साल काढतात. एकेक दाणा दोन बोटांत धरून दाबायचा, म्हणजे आतली पांढरट-हिरवी डाळिंबी टपकन बाहेर पडते. मला पहिले दहा दाणे जमले नाहीत. एक तर उडून दाजींच्या फोटोवर गेला. अक्काने तो उचलला, पुसला आणि परातीत टाकला.

"जोर लावू नकोस. त्यांना यायचंच असतं बाहेर."

दीड तास आम्ही समोरासमोर बसून दाणे सोलले. बोटं सुरकुतली. मधे ती दाजींबद्दल बोलायला लागली. त्यांना भाजीत खोबरं जास्त लागायचं. वर्कशॉपमधून आल्यावर हात आधी राखेने, मग साबणाने, मग लिंबाने धुवायचे, तरी पोळीला ऑइलचा वास यायचा. त्या पबच्या दिवशी घरात पाऊल टाकल्याबरोबर तिला बडीशेपेचा वास आला होता आणि तिने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. मी हसलो. तीही हसली, पण मग लगेच उठून गॅसपाशी गेली.

जमिनीवर पान मांडलं ते एकच. मी म्हणालो, "तुझं?" ती म्हणाली, "तू आधी." मी जेवायला बसलो. तिने भात वाढला, त्यावर पावट्याचं वरण. ती समोर पाटावर बसून राहिली, हातात पळी.

मिरजेला तांदूळ वेगळा, आमच्याकडे वरणात गूळ असतो, इथे चिंच होती आणि खोबऱ्याचं वाटण. दाणे जिभेवर विरघळत होते. मी पहिला भात संपवला आणि पुन्हा मागितला.

"कसं झालंय?" तिने विचारलं. "तू लिहितोस ना हॉटेलांवर. सांग."

मी तिच्याकडे पाहिलं. छान झालंय म्हणणं फार सोपं होतं. "मीठ जास्त झालंय, अक्का."

तिने पळीतलं थोडं तळहातावर घेऊन चाखलं. "हो. झालंय." मग म्हणाली, "हे लिहिणार का?"

"लिहिणार."

"ह्यांचं नाव घालणार?"

"दोघांचंही."

"लिही," ती म्हणाली, आणि मी मागितला नव्हता तरी तिसऱ्यांदा भात वाढला.